रस्त्याची माहिती आणि तिची मालकी : लोकसहभागी वाहनमार्गदर्शनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महामार्गावर समोरून येणाऱ्या वाहनाने भरदिवसा दिव्यांची उघडझाप केली, की पुढे पोलीस उभे आहेत अथवा अपघात होऊन रस्ता अडला आहे, हे मालवाहू गाड्यांच्या चालकाला वेगळे सांगावे लागत नाही. 'डिपर मारणे' या शब्दप्रयोगाने ओळखला जाणारा हा संकेत कोणत्याही नियमपुस्तकात नाही. इशारा देणारा आणि घेणारा यांची ओळख नसते, पुन्हा भेट होण्याचा संभव नसतो आणि मोबदल्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. आपण ज्या वाटेने आलो त्या वाटेची खबर पुढच्याला द्यावी, ही प्रवासी समाजातील जुनी रीत आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच खबरेचे रूपांतर साठविता येणाऱ्या, विकता येणाऱ्या मालमत्तेत झाले. भ्रमणध्वनीवरील दिशादर्शक ॲपचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. उपग्रह, भ्रमणध्वनी आणि नकाशे यांचा तपशील त्यात येतो, परंतु माहिती ज्यांनी पुरविली त्या चालकांचे स्थान मात्र धूसर राहते. प्रस्तुत लेखात त्या चालकांना केंद्रस्थानी ठेवून, रस्त्याविषयीचे सामूहिक ज्ञान कोणाचे होते आणि ते कोणाकडे गेले, याचा मागोवा घेण्यात आला आहे.

सलाम आणि रेडिओ : पूर्वपीठिका

चालकांनी एकमेकांना सावध करण्याचा पहिला संघटित प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. १९०३ च्या मोटार कायद्याने तेथील वेगमर्यादा ताशी २० मैल ठरविली होती. ठराविक अंतराच्या दोन टोकांना लपून घड्याळाच्या साहाय्याने मोटारींचा वेग मोजणारे पोलीस, हा त्या काळच्या मोटारमालकांच्या संतापाचा विषय होता. जून १९०५ मध्ये लंडनच्या ट्रोकाडेरो उपाहारगृहात काही मोटारप्रेमी एकत्र आले आणि ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. संस्थेने सायकलवरून फिरणारे गस्ती कर्मचारी नेमले. पुढे सापळा असेल तर सभासदांना सूचना देणे हे त्यांचे प्रमुख काम होते.

हे प्रकरण अर्थातच न्यायालयात गेले. वेगमर्यादा ओलांडून चाललेल्या चालकास सावध करणे म्हणजे पोलिसांच्या कर्तव्यात अडथळा आणणे होय, असा निर्णय बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यात झाला. त्यावर संस्थेने काढलेली युक्ती इंग्रजी कायदेपटुत्वाचा नमुना म्हणावी अशी आहे. मोटारीवर संस्थेचे बोधचिन्ह दिसताच कर्मचाऱ्याने सभासदाला सलाम करावयाचा, आणि पुढे धोका असेल तर सलाम करावयाचा नाही. सलाम झाला नाही तर थांबून कारण विचारावे, अशी सूचना सभासदांना देण्यात आली. न केलेल्या सलामासाठी कोणावर खटला भरणार ? ही प्रथा १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालू राहिली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही माहिती सभासदांच्या वर्गणीतून उभी राहत होती आणि संस्था सभासदांच्याच मालकीची होती.

दुसरा टप्पा अमेरिकेतील. ऑक्टोबर १९७३ मधील तेलसंकटानंतर तेथे देशभर ताशी ५५ मैल ही वेगमर्यादा लागू झाली. फेऱ्यांवर पोट असलेल्या मालवाहू गाड्यांच्या चालकांना ती जाचक वाटली. त्यांनी सिटिझन्स बँड या अल्प पल्ल्याच्या रेडिओचा आधार घेतला. कोणत्या मैलाच्या दगडापाशी पोलीस आहेत, कोणत्या पंपावर डिझेल मिळते, कोठे बर्फ पडले आहे, या गोष्टी चालक टोपणनावाने एकमेकांना सांगू लागले. पाहता पाहता हे वेड सामान्य कुटुंबांत पसरले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही 'फर्स्ट मामा' हे टोपणनाव घेतले होते. गर्दी इतकी वाढली, की १ जानेवारी १९७७ पासून वाहिन्यांची संख्या २३ वरून ४० करावी लागली.

या रेडिओवरील बोलणे काही मैलांच्या परिघात ऐकू येई आणि हवेत विरून जाई. त्याची नोंद राहत नसे. कोण कोठून कोठे गेला, हे कोणाला नंतर शोधता येत नसे. ही त्या साधनाची मर्यादा होती आणि बोलणाऱ्याचे संरक्षणही. पुढच्या साधनात हे दोन्ही नाहीसे झाले.

फ्रीमॅप ते वेझ

उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची, म्हणजेच जी.पी.एस.ची, यंत्रणा अमेरिकी लष्कराची. नागरी वापरासाठीच्या संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे. त्यामुळे स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शके. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली आणि यंत्र मोटारीला नेमक्या रस्त्यावर दाखवू शकेल इतकी अचूकता सर्वांना उपलब्ध झाली. आता उणीव राहिली ती नकाशांची. अंकीय नकाशे काही मोजक्या कंपन्यांच्या हाती होते आणि महाग होते. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशाचा प्रकल्प सुरू केला, तो याच अडचणीतून.

इस्रायलमध्ये एहुद शबताई या संगणक अभियंत्याने २००६ मध्ये 'फ्रीमॅप इस्रायल' हा प्रकल्प आरंभला. बाजारातील दिशादर्शक यंत्राला रस्त्यावरील ताज्या घडामोडी कळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. स्वयंसेवकांनी जी.पी.एस. असलेले हातातील यंत्र घेऊन गाडी चालवावी, त्यांच्या वाटेची नोंद जुळवून हिब्रू भाषेतील नकाशा तयार व्हावा आणि तो सर्वांना मोफत मिळावा, अशी योजना होती. २००८ मध्ये उरी लेव्हिन व अमीर शिनार यांच्यासह शबताई यांनी या कामाला कंपनीचे रूप दिले आणि २००९ मध्ये तिला 'वेझ' हे नाव मिळाले.

वेझची कार्यपद्धती थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. ॲप चालू असलेला प्रत्येक भ्रमणध्वनी आपले स्थान व वेग कळवीत राहतो. नकाशात रस्ता नसलेल्या ठिकाणावरून अनेक गाड्या एकाच रेषेत जाऊ लागल्या, तर तेथे रस्ता आहे असे मानले जाते. सगळ्या एकाच दिशेने जात असतील, तर तो एकदिशा मार्ग. वेग अचानक मंदावला, तर कोंडी. याखेरीज अपघात, खड्डा, पोलीस यांची खबर चालक स्वतः देतो. अमेरिकेत प्रवेश करताना कंपनीने तेथील जनगणना विभागाचे 'टायगर' हे सर्वांना खुले असलेले नकाशे पाया म्हणून वापरले, म्हणजे आरंभीचे भांडवल सार्वजनिक खजिन्यातून आले. त्यातील असंख्य चुका दुरुस्त केल्या त्या स्वयंसेवी नकाशा-संपादकांनी. त्यांची १ ते ६ अशी श्रेणी ठरविण्यात आली. अधिक काम करणाऱ्यास वरची श्रेणी, मोठे क्षेत्र आणि अधिक अधिकार. सामान्य चालकांसाठी गुण होते. पडताळणी न झालेल्या रस्त्यावरून गाडी नेली, की पडद्यावरील चिन्ह वाटेतील ठिपके गिळत पुढे सरके. लहान मुलांच्या खेळातील ही क्लृप्ती प्रौढ माणसांना वाट वाकडी करून अनोळखी रस्त्याने जाण्यास पुरेशी ठरली, हे मानवी स्वभावाविषयी बरेच काही सांगून जाते.

न बोलता दिलेली माहिती

वेझच्या बाल्यावस्थेतच कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला. ८ फेब्रुवारी २००८ रोजी बर्कली येथील विद्यापीठाने नोकिया कंपनीच्या सहकार्याने १०० मोटारी आंतरराज्य महामार्ग ८८० च्या एका टप्प्यावर दिवसभर फिरविल्या. विद्यार्थी चालक होते आणि प्रत्येक गाडीत जी.पी.एस. असलेला भ्रमणध्वनी होता. रस्त्यावरील केवळ २ ते ३ टक्के चालकांकडे असा भ्रमणध्वनी असला, तरी संपूर्ण प्रवाहाचा वेग विश्वासार्हपणे सांगता येतो, हा त्याचा निष्कर्ष. रस्त्यात संवेदक पुरण्याचा सरकारी खर्च वाचण्याचा मार्ग सापडला होता.

या निष्कर्षाचा दुसरा अर्थ अधिक दूरगामी होता. चालकाने काही सांगण्याची गरजच उरली नव्हती. त्याचे रस्त्यावर असणे पुरेसे होते. ऑगस्ट २००९ मध्ये गुगलने आपल्या नकाशाच्या वापरकर्त्यांच्या भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या वेगाच्या माहितीच्या आधारे कोंडी दाखविण्याची पद्धत जाहीर केली. डिपर मारणारा चालक स्वेच्छेने हात हलवितो. येथे खिशातील यंत्र परस्पर खबर देऊ लागले. संमती घेतली जात होती, परंतु ती सामान्यतः कोणी न वाचणाऱ्या अटींच्या तळाशी होती.

२०१३ चा व्यवहार

ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस सँडी वादळाने न्यूयॉर्क-न्यूजर्सी परिसरात इंधनटंचाई निर्माण केली, तेव्हा कोणत्या पंपावर पेट्रोल आहे हे वेझचे वापरकर्ते कळवीत होते आणि अमेरिकी शासनाची आपत्ती-यंत्रणा त्या माहितीचा उपयोग करीत होती. लोकसहभागी माहितीचे याहून चांगले उदाहरण क्वचितच दाखविता येईल. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांत, जून २०१३ मध्ये, गुगलने वेझ विकत घेतली. गुगलने नंतर शासनाकडे सादर केलेल्या हिशेबात किंमत ९६ कोटी ६० लाख डॉलर दाखविली आहे. ऑगस्टमध्ये वेझच्या चालकांनी दिलेल्या खबरी गुगलच्या नकाशावर दिसू लागल्या. स्पर्धा कमी होते काय, याची चौकशी अमेरिकेत व ब्रिटनमध्ये झाली, परंतु व्यवहार रद्द झाला नाही.

चौकशीचा विषय स्पर्धा हा होता. ज्यांनी नकाशा घडविला त्यांचा हक्क हा नव्हता. २०१४ मध्ये इस्रायलमध्ये दाखल झालेल्या एका दाव्यात तो प्रश्न उपस्थित करण्यात आला. फ्रीमॅपच्या स्वयंसेवकांनी मुक्त परवान्याखाली तयार केलेली सामग्री कंपनीने आपलीशी केली, असे दाव्यात म्हटले होते. कायद्याची बाजू काहीही असो, नैतिक प्रश्न खरा होता.

या ठिकाणी ऑटोमोबाइल असोसिएशनची आठवण होणे स्वाभाविक आहे. ती संस्थाही शेवटी विकली गेली. १९९९ मध्ये सेंट्रिका या कंपनीने ती सुमारे ११० कोटी पौंडांना घेतली. म्हणजे आकडे जवळपास एकाच पंगतीतले. परंतु ती विक्री सभासदांच्या मतदानाने झाली आणि सभासदांच्या हाती रोख रक्कम पडली. वेझच्या संपादकांना विक्रीची वार्ता इतर सर्वांबरोबर वृत्तपत्रांतून कळली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशातील चुका पूर्ववत दुरुस्त केल्या. त्यांची फसवणूक झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्यांना मोफत सेवा व कामाचा आनंद मिळत होता. तथापि, 'समुदाय' हा शब्द सभासदत्वाच्या अर्थाने वापरला जात होता आणि सभासदत्वाचे अधिकार मात्र कोठेच नव्हते, ही विसंगती नाकारता येत नाही.

गल्लीतील रहिवासी

माहितीची मालकी बदलल्याचा परिणाम ज्यांनी ॲप कधी वापरलेही नाही अशांवर झाला. प्रत्येक गावात काही आडवाटा तेथील लोकांनाच ठाऊक असतात. ती माहिती तोंडी असते, म्हणून वापर मर्यादित राहतो. ॲपने ही वाट हजारो परक्या चालकांना एकाच वेळी दाखविली.

न्यूजर्सीतील लिओनिया या छोट्या गावाचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. न्यूयॉर्कला जोडणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या तोंडाशी हे गाव आहे. पुलावर कोंडी झाली, की ॲप गाड्यांना गावातील गल्ल्यांतून वळवीत. रहिवाशांना आपल्याच दारातून गाडी बाहेर काढणे कठीण होऊ लागले. जानेवारी २०१८ मध्ये गावाच्या परिषदेने सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सुमारे ६० रस्ते बाहेरच्यांसाठी बंद केले. रहिवाशांना गाडीत लावण्यासाठी पिवळे पट्टे दिले आणि मोडणाऱ्यास २०० डॉलर दंड ठरविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने हा आदेश रद्द केला. सार्वजनिक रस्ता सर्वांचा आहे हे तत्त्व न्यायालयाने राखले, आणि ते बरोबरच होते. पण त्याच तत्त्वामुळे गावाची परिषद आपल्या रस्त्याविषयी काही ठरवू शकत नव्हती आणि गावात एकही प्रतिनिधी नसलेली कंपनी मात्र रोज सकाळी ठरवीत होती.

प्रत्येकाने आपापल्यापुरता उत्तम मार्ग निवडल्यास सर्वांचे भले होत नाही, हे अर्थशास्त्राला नवीन नाही. पिगू यांनी १९२० मध्ये दोन रस्त्यांच्या उदाहरणातून ते मांडले. वॉर्डरॉप यांनी १९५२ मध्ये त्याला नेमके सूत्ररूप दिले. जर्मन गणितज्ञ डिट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये तर नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच वेळ वाढू शकतो, हे सिद्ध केले. विशेष म्हणजे २००८ च्या बर्कली प्रयोगाचे नेतृत्व करणारे अलेक्झांडर बायेन यांनीच पुढे, २०१६ पासून, अशा ॲपच्या दुष्परिणामांचे गणित मांडले. ॲप वापरणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले, की महामार्गालगतच्या लहान रस्त्यांवर भार पडतो आणि एकूण लाभ घटू शकतो, असे त्यातून दिसले.

पोलीस आणि सैनिक

डिसेंबर २०१४ च्या अखेरीस लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख चार्ली बेक यांनी गुगलला पत्र लिहून, पोलिसांचे ठिकाण दाखविण्याची वेझमधील सोय अधिकाऱ्यांच्या जिवाला धोकादायक असल्याचे कळविले. त्या महिन्यात न्यूयॉर्कमध्ये दोन पोलिसांची हत्या झाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी मद्यपी चालकांच्या तपासणीनाक्यांची माहिती काढून टाकण्याची मागणी केली. सोय कायम राहिली. सलाम न करणाऱ्या सायकलस्वारापासून चालत आलेला हा वाद शंभर वर्षांनंतरही त्याच जागी होता. मात्र दुसऱ्या बाजूस शासनसंस्था स्वतःच वेझच्या भागीदार बनत होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या माहिती-विनिमय योजनेत रिओ दि जानेरो, फ्लोरिडा यांसारख्या शासनसंस्था आरंभीच सहभागी झाल्या. रस्ता बंद असल्याची खबर शासनाने द्यावयाची आणि कोंडीची खबर कंपनीकडून घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. नागरिकांकडून गोळा झालेली माहिती नागरिकांच्याच शासनाला कंपनीच्या दारातून मिळू लागली.

नकाशा किती राजकीय असतो याची जाणीव वेझच्या जन्मभूमीतच तीव्रतेने झाली. २९ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री वेझचा वापर करणारे दोन इस्रायली सैनिक पश्चिम किनाऱ्यावरील कलंदिया निर्वासित छावणीत शिरले. त्यांच्या सुटकेसाठी सैन्य पाठविण्यात आले. झालेल्या चकमकीत एक पॅलेस्टिनी तरुण मृत्युमुखी पडला आणि अनेक जण जखमी झाले. इस्रायली नागरिकांना मज्जाव असलेले भाग टाळण्याची सोय सैनिकांनी बंद ठेवली होती, असे कंपनीने सांगितले. कोणता रस्ता कोणासाठी निषिद्ध, हा लष्करी आणि राजकीय निर्णय ॲपमध्ये एका कळीच्या रूपात उरला होता.

भारतीय संदर्भ

भारतात हा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. वेझपेक्षा येथे गुगलचा नकाशाच अधिक रुजला. नकाशानिर्मितीवर राज्यसंस्थेचे नियंत्रण हा येथील जुना वारसा. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. २००८ मध्ये गुगलने 'मॅप मेकर' ही सोय सुरू केली. तिच्या उभारणीत ललितेश कात्रागड्डा या भारतीय अभियंत्याचा प्रमुख वाटा होता. कोणाही नागरिकाला आपल्या गावचा रस्ता, शाळा, देऊळ नकाशात भरता येऊ लागले. डिसेंबर २००९ मध्ये भारतासाठी खुणांच्या आधारे वाट सांगण्याची पद्धत आली. रस्त्याचे नाव विचारले तर कोणी सांगणार नाही, पण 'मारुतीच्या देवळापासून डावीकडे' हे शेंबडे पोरही सांगेल, ही आपल्याकडील वस्तुस्थिती यंत्राला शिकावी लागली. २०१२ मध्ये मुंबई, पुणे यांसह काही शहरांत कोंडीची ताजी माहिती दिसू लागली. डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकीसाठी स्वतंत्र मार्गदर्शन प्रथम भारतात आले. मोटार जाऊ शकत नाही अशा बोळांचा समावेश त्यामुळे झाला.

२०१३ मध्ये गुगलने 'मॅपाथॉन' ही नकाशे भरण्याची स्पर्धा आयोजित केली, तेव्हा परवानगी न घेता संवेदनशील स्थळांची नोंद झाल्याची तक्रार सर्वेक्षण विभागाने पोलिसांकडे केली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने प्राथमिक चौकशीही केली. वाद राष्ट्रीय सुरक्षेचा होता आणि तो गैरलागू नव्हता. पण स्पर्धकांनी भरलेली आपापल्या परिसराची माहिती अखेरीस कोणाच्या मालकीची होते, याविषयी त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही. मॅप मेकर मार्च २०१७ अखेर बंद करण्यात आले आणि त्यातील भर गुगलच्या मुख्य नकाशात विलीन झाली. वेझच्या बाबतीतही तेच घडले. डिसेंबर २०२२ मध्ये तिचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग गुगलच्या नकाशा विभागात सामावून घेण्यात आला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने भूस्थानिक माहितीविषयीची बंधने शिथिल केली. भारतीय व्यक्ती व संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करण्याची मुभा मिळाली, तर एक मीटरहून सूक्ष्म माहिती परदेशी कंपन्यांनी भारतीय संस्थांकडून परवान्याने घ्यावी, असे ठरले. चर्चा झाली ती कंपनी भारतीय की परदेशी यावर. त्यानुसार जुलै २०२२ मध्ये गुगलची रस्त्यांची छायाचित्रे दाखविणारी सेवा दहा भारतीय शहरांत सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही महाराष्ट्रातील चार शहरे होती. छायाचित्रे जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांनी पुरविली होती. चौदा वर्षांपूर्वी स्वयंसेवकांनी हाताने भरलेल्या गल्ल्यांतून आता परवानाधारक कंपन्यांच्या कॅमेरे बसविलेल्या गाड्या फिरल्या.